दुखापतीचे सोंग : पारख आणि उपाय

झोपलेल्याला जागे करता येते, पण झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, अशी म्हण मराठीत आहे. दुखापतीचे सोंग घेऊन आलेल्या रुग्णाच्या बाबतीत वैद्यकीय अधिकाऱ्याची अवस्था काहीशी अशीच होते. पोते उचलताना पाठीत उसण भरली म्हणून आलेला हमाल, बांधाच्या भांडणात काठीचा मार बसला म्हणून पोलिसांची यादी घेऊन आलेला शेतकरी, यंत्रावर हात आखडला म्हणून रजेचा दाखला मागणारा कामगार, हे सारे एकाच दिवशी एकाच टेबलासमोर येतात. त्यांपैकी बहुतेकांची तक्रार खरी असते. एखाद्याची वाढवून सांगितलेली असते आणि क्वचित एखाद्याची सर्वस्वी खोटी असते. या तिघांना वेगळे कसे ओळखावे, आणि ओळखल्यावर त्यांच्याशी कसे वागावे, हा वैद्यकशास्त्रातील एक जुना आणि नाजूक प्रश्न आहे.

या प्रश्नात चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. खोट्या दाखल्याच्या आधारे एखादा निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो किंवा कामगारांच्याच वर्गणीतून उभा राहिलेला निधी भलतीकडे जातो. उलट, खऱ्या रुग्णावर ढोंगीपणाचा शिक्का बसला तर त्याचे उपचार थांबतात, मजुरी बुडते आणि पुढे कोणताही डॉक्टर त्याच्या बोलण्यावर सहजी विश्वास ठेवीत नाही. पहिली चूक न्यायालयात दुरुस्त होण्याची शक्यता असते. दुसरी चूक पुष्कळदा कायमच्या अपंगत्वाने सिद्ध होते. म्हणून सोंगाची पारख करताना मुख्य हेतू खऱ्या दुखापतीचे रक्षण हाच असला पाहिजे.

सोंगाचे प्रकार

काही लाभ मिळविण्यासाठी किंवा एखादी जबाबदारी टाळण्यासाठी बुद्धिपुरस्सर केलेल्या आजाराच्या बतावणीस वैद्यकीय परिभाषेत ‘मॅलिंगरिंग’ म्हणतात. दुखापतीच्या संदर्भात तिचे चार प्रकार आढळतात. नसलेली दुखापत सांगणे हा पहिला प्रकार होय. असलेली दुखापत वाढवून सांगणे हा दुसरा आणि सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. जुनी दुखापत नव्या अपघाताच्या नावावर मांडणे हा तिसरा, आणि स्वतःच स्वतःला इजा करून घेणे किंवा दुसऱ्याकडून करवून घेणे हा चौथा.

मात्र याला लागूनच असलेल्या दोन अवस्था सोंगापासून वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. काही व्यक्ती कोणताही आर्थिक वा अन्य बाह्य लाभ नसताना, केवळ रुग्ण म्हणून वागविले जावे या अंतःप्रेरणेने लक्षणे निर्माण करतात. इस्पितळामागून इस्पितळे पालथी घालणाऱ्या अशा रुग्णांचे वर्णन ब्रिटिश वैद्य रिचर्ड ॲशर यांनी १९५१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केले आणि त्यास ‘मुंखाउसेन सिंड्रोम’ असे नाव दिले. हा मनोविकार आहे. दुसऱ्या अवस्थेत रुग्णाचा पाय खरोखरच उचलत नाही किंवा हात बधिर होतो, पण मज्जासंस्थेत तसा कोणताही घाव आढळत नाही. येथे रुग्ण फसवीत नसतो. त्याच्या इच्छेविना मेंदूचे अवयवांवरील नियंत्रण बिघडलेले असते. या दोन्ही अवस्थांना उपचारांची गरज असते, शिक्षेची नव्हे.

कायदा आणि प्रलोभन

सोंग कोठे संभवते हे समजण्यासाठी लाभ कोठे आहे हे पाहावे लागते. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई देणारा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला आणि कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली. या दोहोंतील तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या. विमा योजनेत सामान्य आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के लाभ ठराविक दिवसांपर्यंत मिळतो, तर कामावरील दुखापतीमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात तो ९० टक्के आणि अपंगत्व टिकेपर्यंत मिळतो. घरी पाय मुरगळला असता ‘कारखान्यात मुरगळला’ असे सांगण्याचा मोह येथे उद्भवतो.

भरपाई कायद्याच्या अनुसूचीत काही दुखापतींपोटी कमाईच्या क्षमतेत होणारी घट निश्चित केलेली होती. हाताचा अंगठा गमावल्यास ती ३० टक्के धरली जाई. तुटलेल्या अंगठ्याचे सोंग कोणी घेऊ शकत नाही. पाठदुखी, पकडीतील अशक्तपणा, चक्कर यांसारख्या तक्रारी अशा कोष्टकात बसत नाहीत. तेथे डॉक्टरच्या निर्धारणावर सारे अवलंबून असते. अतिशयोक्तीला वाव असतो तो याच क्षेत्रात.

फौजदारी प्रकरणांत कारण निराळे असते. साध्या दुखापतीपेक्षा ‘जबर दुखापती’ची शिक्षा अधिक कठोर आहे. भारतीय दंड संहितेनुसार वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना किंवा नेहमीचे व्यवहार करण्याची असमर्थता ही जबर दुखापतीची एक कसोटी होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली आहे. त्यामुळे ‘पंधरा दिवस दवाखान्यात काढले की कलम वाढते’ असा समज पसरण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. केवळ खाटेवर पडून राहणे पुरेसे नाही; त्या दुखापतीमुळेच वेदना किंवा असमर्थता होती हे सिद्ध व्हावे लागते.

इतिहासाचा धडा

आजाराचे सोंग घेणाऱ्यांना कसे ओळखावे यावर ग्रीक वैद्य गेलन यानेही लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात सैन्याच्या वैद्यकात या विषयाला विशेष महत्त्व आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील एका लष्करी रुग्णालयात सायलस वीअर मिचेल, जॉर्ज मोअरहाउस आणि विल्यम कीन हे तीन डॉक्टर मज्जातंतूंच्या दुखापती झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. १८६४ साली त्यांनी सोंग ओळखण्याच्या पद्धतींवर एक लेख प्रसिद्ध केला. रुग्णाला ईथरची भूल द्यावी आणि भूल उतरताना तो ‘लुळा’ अवयव हलवितो काय ते पाहावे, अशी एक पद्धत त्यांनी सांगितली होती.

त्याच वर्षी याच तिघांनी मज्जातंतूंना लागलेल्या गोळ्यांच्या जखमांवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. जखम भरून आल्यावरही हात आगीसारखा जळतो अशी तक्रार करणाऱ्या सैनिकांचे वर्णन त्यात आहे. हे सैनिक हात सतत ओल्या कापडात गुंडाळून ठेवीत. नुसत्या स्पर्शाने कासावीस होत. वरवर पाहता ही अतिशयोक्तीच वाटावी. परंतु या डॉक्टरांनी त्या वेदना खऱ्या मानल्या, त्यांची बारकाईने नोंद केली, आणि वैद्यकशास्त्राला एका नव्या विकाराचे ज्ञान झाले. दुखापतीच्या मानाने अतोनात वेदना, सूज, त्वचेच्या रंगात व तापमानात फरक असणाऱ्या या विकारसमूहास आज ‘कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. सोंग शोधण्यात जे निष्णात होते, त्यांनीच न पटणारी वेदना खरी ठरविली. दोन्ही गोष्टी साध्य झाल्या त्या एकाच गुणामुळे, आणि तो म्हणजे संपूर्ण तपासणी.

जखम काय सांगते

स्वतः करून घेतलेल्या जखमांची काही वैशिष्ट्ये न्यायवैद्यकात प्रसिद्ध आहेत. अशा जखमा बहुधा उथळ, अनेक आणि एकमेकींना समांतर असतात. हात सहज पोहोचेल अशाच जागी त्या आढळतात. उजखोऱ्या माणसाच्या अंगावर त्या प्रायः डाव्या बाजूस असतात. डोळे, ओठ यांसारखे नाजूक भाग त्यांतून वाचलेले असतात. त्वचेवर वार असतो, पण त्यावरील सदऱ्याला चीर नसते, किंवा असलीच तर जखमेशी जुळत नाही. खऱ्या हल्ल्यात वार चुकविताना तळहातावर व दंडाखालील भागावर होणाऱ्या जखमा मात्र वेड्यावाकड्या आणि कमीअधिक खोल असतात.

आपल्याकडे कृत्रिम वण उठविण्यासाठी बिब्बा, रुईचा चीक किंवा चित्रकाचे मूळ यांचा उपयोग केला जातो. मुका मार लागल्याचा आभास त्यामुळे होतो. बिब्ब्याचा डाग काळपट तपकिरी असतो, त्याच्या कडेला लाली आणि बारीक फोड येतात, फोडांतून लस पाझरते आणि खाज सुटते. ज्या बोटांनी तो लावला त्यांच्या टोकांवरही पुष्कळदा खुणा सापडतात. लशीच्या रासायनिक परीक्षणात त्या द्रव्याचा पत्ता लागू शकतो. खऱ्या मुक्या मारात फोड किंवा खाज नसते. तो भाग दुखतो, सुजतो आणि त्याचा रंग निळसर, हिरवट, पिवळट असा क्रमाने बदलत जातो.

येथेही घाई नको. मुरगळलेल्या किंवा ठणकणाऱ्या अवयवावर बिब्बा लावणे हा खेड्यापाड्यांतील जुना घरगुती उपाय आहे, आणि तो अंगावर उतला तर असेच फोड येतात. तेव्हा फोडांखाली खरी दुखापत असू शकते. ‘काय लावले होते?’ हा साधा प्रश्न आधी विचारला पाहिजे. रंगावरून माराचा दिवस नेमका सांगण्याचा मोहही टाळावा. पिवळा रंग साधारणतः अठरा तासांच्या आत दिसत नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. सावळ्या त्वचेवर मुका मार नीट दिसत नाही. कधी तो एक-दोन दिवसांनी, आणि मार बसलेल्या जागेच्या खाली उमटतो. पहिल्या दिवशी खूण नसणे म्हणजे मार नसणे नव्हे.

पाठ आणि हातपाय यांची तपासणी

दीर्घकाळ न वापरलेला हात किंवा पाय बारीक होतो. दोन्ही बाजूंचा घेर सारख्या अंतरावर फितीने मोजल्यास पाव इंचाचाही फरक कळतो. सहा महिने हातात काही धरले नाही असे सांगणाऱ्याच्या तळहातावरील ताजे घट्टे, लंगडणाऱ्याच्या दोन्ही चपलांची सारखी झिजलेली तळवे, कपडे घालताना सहज वळणारी पण तपासताना ताठ होणारी पाठ, या गोष्टी टिपून ठेवण्याजोग्या असतात.

पायाच्या अशक्तपणासाठी चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ साली एक सोपी चाचणी सांगितली. उताणा निजलेला माणूस एक पाय उचलू लागला की दुसऱ्या पायाची टाच आपोआप बिछान्यावर दाबली जाते. रुग्णाला ‘दुर्बल’ पायाची टाच दाबण्यास सांगितल्यावर जोर लागत नाही, पण चांगला पाय उचलताना तीच टाच दाबली जाते, असे आढळले तर त्या पायात शक्ती आहे हे ठरते. मात्र रुग्ण खोटे बोलतो, हे त्यावरून ठरत नाही. वर सांगितलेल्या मज्जासंस्थेच्या अनैच्छिक बिघाडातही हीच खूण सापडते.

पाठदुखीसाठी स्कॉटलंडमधील अस्थिशल्यतज्ज्ञ गॉर्डन वॉडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली पाच प्रकारच्या खुणा प्रसिद्ध केल्या. त्वचेला हलका स्पर्श करताच कळ येणे, डोक्यावर किंचित दाब दिल्यावर कंबर दुखणे, निजून पाय उचलल्यास दुखणे पण बसून तोच पाय सरळ केल्यास न दुखणे, शरीररचनेशी न जुळणारा बधिरपणा, आणि प्रमाणाबाहेर विव्हळणे या त्या होत. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास रुग्णाच्या मनःस्थितीचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे या खुणांचा उपयोग रुग्णांना खोटे पाडण्यासाठी होऊ लागला. तेव्हा १९९८ साली वॉडेल यांनी सहकाऱ्यासह पुन्हा लेख लिहून ही सोंगाची कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले.

यंत्रांनीही हा प्रश्न सुटत नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली. निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांतील चकती फुगलेली आढळली. याचा अर्थ असा की, चित्रात दोष दिसला म्हणून तक्रार खरी ठरत नाही आणि चित्र स्वच्छ आले म्हणून ती खोटीही ठरत नाही.

खोटी वाटणारी खरी दुखापत

काही दुखापती आरंभी डॉक्टरालाही चकवितात. तळहातावर पडल्यामुळे मनगटातील नौकाकृती हाड मोडते, पण पहिल्या क्ष-किरण चित्रात ते पुष्कळदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असल्यास हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र घ्यावे लागते. अशा कामगाराला ‘काही झालेले नाही’ म्हणून परत पाठविले, तर हाड सांधत नाही आणि मनगट कायमचे अधू होते. पोटावर मार बसल्यावर प्लीहा काही दिवसांनी फुटू शकते. वृद्धांच्या डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानंतर मेंदूवर साचलेले रक्त काही आठवड्यांनी लक्षणे दाखविते. म्हणून सोंगाचा संशय आला तर तपासणी थांबवावयाची नसून ती पुन्हा करावयाची असते.

भरपाई मिळताच दुखणे पळते, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी १९६१ साली असे मत मांडले आणि ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज मेंडेलसन यांनी १९८२ साली दाखवून दिले की, दावा निकालात निघाल्यानंतरही अनेक रुग्ण बरे होऊन कामावर परतत नाहीत.

संशयित रुग्णाशी वर्तन

सोंगाचा संशय आलेल्या रुग्णाला चारचौघांत खोटे पाडण्याने काहीही साधत नाही. तो एक तर चिडून निघून जातो किंवा आपले म्हणणे खरे करण्यासाठी अधिक मोठे सोंग घेतो. पूर्वी चटके, विजेचे झटके यांसारखे उपाय योजले जात. ते अमानुष होतेच, शिवाय त्यांनी काही सिद्धही होत नसे. आज त्यांना वैद्यकात स्थान नाही.

व्यवहारात पुढील क्रम उपयुक्त ठरतो. रुग्णाची हकीकत मध्ये न तोडता, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. अपघात कसा, कधी आणि कोणत्या स्थितीत झाला, पूर्वी त्याच अवयवास काही झाले होते काय, हे विचारावे. तपासणी संपूर्ण करावी आणि काही दिवसांनी शक्यतो त्याच डॉक्टरने पुन्हा करावी. अनावश्यक सुया, सलाईन, वारंवार चित्रे आणि विशेषतः शस्त्रक्रिया टाळाव्यात. त्यांमुळे ‘आपल्याला मोठे काही झाले आहे’ ही समजूत दृढ होते. शंका राहिल्यास वरिष्ठ तज्ज्ञाकडे किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला अब्रू राखून मागे फिरण्याची वाट ठेवावी. ‘तपासणीत धोक्याचे काही आढळले नाही, अशा दुखण्यात व्यायामाने दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो’ असे सांगून हलक्या कामाची तारीख ठरवून द्यावी. अतिशयोक्ती करणाऱ्यास ही वाट सोयीची वाटते, आणि ज्याचे दुखणे खरे आहे त्याचेही यात नुकसान होत नाही. अतिशयोक्तीमागे बहुधा एखादी अडचण असते. मुकादमाची धास्ती, डोक्यावरचे कर्ज, न झेपणारे काम. एका सहानुभूतीच्या प्रश्नाने ती बाहेर येते, आणि समाजसेवा अधीक्षकाकडे केलेली एक चिठ्ठी कित्येकदा दहा औषधांहून अधिक काम करते.

दाखला कसा असावा

दाखल्यात डॉक्टरने जे पाहिले आणि मोजले तेच लिहावे. जखमेची जागा, लांबी, रुंदी, रंग, कडा, अंदाजे काळ, तपासणीची वेळ आणि ओळखीची खूण या बाबी असाव्यात. ‘सोंग’ किंवा ‘ढोंग’ हा शब्द हेतूविषयीचा निष्कर्ष आहे, आणि हेतू ठरविणे हे न्यायाधिकरणाचे काम आहे. ‘रुग्ण उजवा हात खांद्यापर्यंत उचलता येत नसल्याचे सांगतो, सदरा काढताना त्याने तो डोक्यावर नेला’ असे वाक्य पुरेसे बोलके असते आणि उलटतपासणीतही टिकते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला देणे हे गैरवर्तन मानण्यात आले आहे. ओळखीपाळखीच्या किंवा गावातील वजनदार व्यक्तीच्या दडपणाला नकार देताना या नियमाचा आधार घेता येतो.

लपविलेली दुखापत

या विषयाची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. जशी दुखापत वाढवून सांगणारी माणसे असतात, तशी ती लपविणारीही असतात, आणि लपविणारे स्वतःहून डॉक्टरकडे येत नाहीत. रोजंदारी बुडेल म्हणून बोटाची जखम फडक्यात बांधून काम करणारा मजूर, घरातील मारहाण झाकण्यासाठी ‘न्हाणीघरात घसरले’ असे सांगणारी स्त्री, ठेकेदाराच्या भीतीने अपघाताची जागा बदलून सांगणारा बिगारी ही त्याची उदाहरणे होत. हकीकत आणि जखम यांचा मेळ बसतो की नाही हे पाहण्याची जी दृष्टी सोंग उघडे करते, तीच दृष्टी येथे जुलूम उघडा करते. घसरून पडलेल्या बाईच्या दोन्ही दंडांवर आतल्या बाजूस बोटांचे वण उठत नाहीत.

सारांश, सोंगाची एकच एक अचूक खूण वैद्यकशास्त्राजवळ नाही. मोजफीत, धीर, दोनदा केलेली तपासणी आणि पाहिले तेवढेच लिहिण्याची शिस्त ही त्यावरील साधने आहेत. ती लहानातल्या लहान प्राथमिक आरोग्य केंद्रातही उपलब्ध होऊ शकतात. त्यांचा वापर प्रत्येक रुग्णासाठी सारखाच झाला, तर सोंग फार काळ टिकत नाही; आणि खरी दुखापत घेऊन आलेल्या माणसाला आपले दुखणे सिद्ध करण्यासाठी विव्हळावे लागत नाही.